एआय प्रशिक्षण आणि कॉपीराइट: देशोदेशीच्या कायद्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. आपले लेखन, छायाचित्रे किंवा संगीत एआय मॉडेलच्या, म्हणजे साहित्याच्या साठ्यावरून शिकून उत्तरे देणाऱ्या प्रणालीच्या, प्रशिक्षणात गेले असेल अशी शंका असलेले हक्कधारक, आणि मॉडेल किंवा डेटासेट, म्हणजे प्रशिक्षणाचा साठा, तयार करणारे विकासक. कायद्याची स्थिती २०२५ अखेरपर्यंतची आहे. प्रत्यक्ष दावा लावण्याआधी किंवा करारावर सही करण्याआधी त्या त्या देशातल्या वकिलाचा सल्ला घ्यावाच.

परवानगी न घेता एखाद्याच्या साहित्यावर एआयला प्रशिक्षण देणे बेकायदेशीर आहे का?

याला सरसकट हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही, कारण प्रशिक्षण हे एकच कृत्य नाही. आधी साहित्य मिळवावे लागते. मग त्याची प्रत साठवली जाते, ती स्वच्छ करून तुकड्यांत मोडली जाते, ते तुकडे मॉडेलमधून पुन्हा पुन्हा फिरवून त्याच्या आतले आकडे, म्हणजे वेट्स, बदलत नेले जातात. शेवटी वापरकर्त्याच्या प्रश्नाला उत्तर तयार होते. यातल्या प्रत्येक पायरीवर कायदा वेगळा प्रश्न विचारतो.

मधल्या पायरीवरून, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्यावरून, सर्वात जास्त वाद रंगतो. पण आतापर्यंतचे निकाल वाचले तर जय-पराजय बहुतेक वेळा पहिल्या आणि शेवटच्या पायरीवर ठरलेला दिसतो: प्रत आली कुठून, आणि मॉडेलमधून बाहेर काय पडते. कोणतेही प्रकरण समजून घेताना हे दोन प्रश्न आधी विचारा.

मॉडेल तर फक्त वाचते. माणसाने वाचलेले चालते, मग यंत्राने का चालू नये?

माणूस पुस्तक वाचतो तेव्हा त्याची नवी प्रत तयार होत नाही. यंत्राला मात्र फाइल उतरवून, साठवूनच पुढे जाता येते, आणि प्रत करण्याचा हक्क हा कॉपीराइटचा गाभा आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्यातले कलम १४ इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्यालाही पुनरुत्पादनच मानते. म्हणून ‘प्रत झाली का’ यावर फारसा वाद उरत नाही; ‘ती करायला कायद्यात सवलत आहे का’ यावर असतो.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. तथ्ये, कल्पना, पद्धती यांना संरक्षण नाही, फक्त त्यांच्या अभिव्यक्तीला आहे. बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम ९ हेच सांगते. त्यामुळे एखाद्या लेखकाची शैली मॉडेलने उचलली एवढ्याच कारणावरून कॉपीराइटचा दावा टिकणे अवघड असते. वाक्येच्या वाक्ये तशीच उतरली असतील तर गोष्ट वेगळी.

लेखक एका देशात, सर्व्हर दुसऱ्या, कंपनी तिसऱ्या. कायदा कोणता लागतो?

साधारण नियम असा, की ज्या देशात प्रत झाली त्या देशाचा. बर्न करार या कॉपीराइटवरच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे तुमच्या कृतीला सर्व सदस्य देशांत नोंदणीशिवाय संरक्षण मिळते, पण ते संरक्षण किती आणि त्याला अपवाद कोणते हे तिथला स्थानिक कायदा ठरवतो.

याचा फटका कसा बसतो ते लंडनमधल्या गेटी इमेजेस (छायाचित्रे पुरवणारी कंपनी) विरुद्ध स्टॅबिलिटी एआय (स्टेबल डिफ्यूजन हे चित्रे बनवणारे मॉडेल काढणारी कंपनी) या खटल्यात दिसले. प्रशिक्षण ब्रिटनमध्ये झाल्याचा पुरावा उभा राहिला नाही, तेव्हा गेटीला सुनावणी चालू असतानाच प्रशिक्षणाबद्दलचा मुख्य दावा सोडून द्यावा लागला.

युरोपीय संघाने ही पळवाट बुजवायचा प्रयत्न केला आहे. त्यांच्या एआय कायद्याच्या प्रस्तावनेत म्हटले आहे, की युरोपच्या बाजारात सर्वसाधारण वापराचे, म्हणजे अनेक प्रकारच्या कामांना चालणारे, मॉडेल आणणाऱ्याने युरोपीय कॉपीराइटचे पालन करण्याचे धोरण ठेवावे, मग प्रशिक्षण जगात कुठेही झालेले असो. न्यायालये या वाक्याला किती वजन देतील ते अजून ठरायचे आहे.

अमेरिकेत प्रशिक्षण ‘फेअर यूज’ मानले जाते का?

कधी हो, कधी नाही. फेअर यूज म्हणजे परवानगीशिवाय रास्त वापराची सवलत. तिथल्या कायद्याच्या कलम १०७ मध्ये चार कसोट्या आहेत: वापराचा हेतू आणि स्वरूप, मूळ कृतीचे स्वरूप, किती भाग घेतला, आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला. २०२५ मधले तीन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

फेब्रुवारीत थॉमसन रॉयटर्स विरुद्ध रॉस इंटेलिजन्स प्रकरणात न्यायालयाने फेअर यूजचा बचाव फेटाळला. रॉसने थॉमसन रॉयटर्सच्या वेस्टलॉ या कायदेविषयक शोधसेवेतल्या निकालांच्या सारटिपांच्या आधारे स्वतःचे कायदेविषयक शोधसाधन घडवले होते, म्हणजे ज्याचा माल घेतला त्याच्याशीच स्पर्धा केली. ते साधन मजकूर निर्माण करणारे नव्हते, हे न्यायाधीशांनी आवर्जून नोंदवले आहे.

जूनमध्ये बार्ट्झ विरुद्ध अँथ्रॉपिक (क्लॉड मॉडेल बनवणारी कंपनी) प्रकरणात न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी निकालाचे तुकडे केले. पुस्तकांवर मॉडेल प्रशिक्षित करणे फेअर यूज. विकत घेतलेली छापील पुस्तके स्कॅन करून ठेवणे हेही फेअर यूज. पण चाचेगिरीच्या संकेतस्थळांवरून ७० लाखांहून अधिक प्रती उतरवून कायमचे ग्रंथालय उभारणे फेअर यूज नाही. पुढे १५० कोटी डॉलरची तडजोड झाली, सुमारे ४,८२,००० पुस्तकांसाठी दर पुस्तकामागे साधारण ३,००० डॉलर. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने तिला प्राथमिक मान्यता दिली. एवढी रक्कम प्रशिक्षणासाठी ठरली असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. पेच होता प्रतींच्या उगमाचा.

दोनच दिवसांनी, त्याच जिल्हा न्यायालयात, काड्रे विरुद्ध मेटा प्रकरणात न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी मेटाच्या बाजूने निकाल दिला, पण वेगळ्या मार्गाने. मॉडेल बाजारात मजकुराचा पूर आणून मूळ लेखकांची विक्री पातळ करू शकते, हा मुद्दा त्यांना वजनदार वाटला. तेरा लेखकांनी त्याचा पुरावाच आणला नाही म्हणून ते हरले. पुढच्या दावेदारांनी हा निकाल जरूर अभ्यासावा. विक्रीचे आकडे, पर्यायी मजकुराची उदाहरणे, परवाना बाजारातले व्यवहार हे सारे पहिल्या दिवसापासून गोळा करायला हवे.

हे सगळे जिल्हा पातळीवरचे निकाल आहेत. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २०२३ मध्ये ओपनएआय आणि मायक्रोसॉफ्टवर लावलेला दावा अजून चालू आहे.

मी अमेरिकेबाहेरचा लेखक आहे. तिथे नोंदणी करणे उपयोगाचे आहे का?

आहे, आणि बहुतेकांना हे फार उशिरा कळते. परदेशी कृतीवर दावा लावायला नोंदणी सक्तीची नाही. पण वैधानिक भरपाई, म्हणजे नुकसान सिद्ध न करता प्रत्येक कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि जाणूनबुजून उल्लंघन असेल तर १,५०,००० डॉलरपर्यंत, आणि वकिलाचा खर्च, या दोन्ही गोष्टी वेळेत केलेल्या नोंदणीशिवाय मिळत नाहीत. वेळेत म्हणजे उल्लंघन सुरू होण्याआधी, किंवा पहिल्या प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आत. वरच्या बार्ट्झ तडजोडीतही पुस्तक यादीत बसण्यासाठी अमेरिकी नोंदणीची अट होती. नोंदणी नसलेली असंख्य पुस्तके त्यामुळेच बाहेर राहिली.

युरोपीय संघाचा नियम काय आहे?

२०१९ च्या डिजिटल एकल बाजार निर्देशात मजकूर आणि डेटा उत्खननासाठी, म्हणजे मोठ्या साठ्याच्या यंत्राने केलेल्या विश्लेषणासाठी, दोन अपवाद आहेत. कलम ३ संशोधन संस्था, ग्रंथालये, संग्रहालये यांच्या वैज्ञानिक संशोधनासाठी आहे आणि कराराने ते रद्द करता येत नाही. कलम ४ कोणालाही, अगदी व्यापारी कंपनीलाही, लागू होते. मात्र हक्कधारकाने आपला हक्क राखून ठेवला असेल तर ती सवलत संपते. दोन्हींत साहित्यापर्यंत कायदेशीर मार्गाने पोहोचलेले असणे आवश्यक.

हॅम्बुर्गच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये लायन या डेटासेट बनवणाऱ्या संस्थेच्या बाजूने निकाल दिला, तो संशोधनाच्या अपवादावर. लायनच्या डेटासेटमध्ये चित्रे नसतात, चित्रांचे दुवे आणि वर्णने असतात. वर्णन चित्राशी जुळते का हे तपासायला एका छायाचित्रकाराचे चित्र उतरवले गेले होते. त्यामुळे डेटासेट बनवण्याबद्दलचा हा निकाल मॉडेलच्या प्रशिक्षणाला जसाच्या तसा लावू नये.

एआय कायद्याच्या सर्वसाधारण मॉडेलवरच्या जबाबदाऱ्या २ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाल्या. कंपनीला कॉपीराइट धोरण ठेवावे लागते आणि प्रशिक्षण साहित्याचा सारांश ठरलेल्या नमुन्यात जाहीर करावा लागतो. त्यात ज्या डोमेनवरून सर्वाधिक मजकूर ओढला त्यांतली वरची १० टक्के नावे द्यायची असतात. लहान उद्योगांना ५ टक्के किंवा १,००० नावे पुरतात. त्या तारखेआधी बाजारात आलेल्या मॉडेलना २ ऑगस्ट २०२७ पर्यंत मुदत आहे.

हक्क राखून ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

जालावर खुल्या असलेल्या मजकुरासाठी सूचना यंत्राला वाचता येईल अशी हवी. तळटिपेत ‘सर्व हक्क राखीव’ लिहून भागत नाही.

सर्वात रुळलेले साधन म्हणजे रोबोट्स.टीएक्सटी (robots.txt) ही फाइल. बॉटना, म्हणजे संकेतस्थळांवरून आपोआप मजकूर गोळा करणाऱ्या प्रोग्रामना, ती सूचना देते. ती संकेतस्थळाच्या मुळाशीच असावी लागते. आतल्या फोल्डरमध्ये ठेवली तर कोणी वाचत नाही. ज्या बॉटला रोखायचे त्याच्या नावाची यूजर-एजंट (User-agent) ओळ आणि तिच्याखाली डिसअलाउची (Disallow) ओळ, अशी तिची रचना. जीपीटीबॉट (GPTBot), क्लॉडबॉट (ClaudeBot), सीसीबॉट (CCBot) आणि गूगल-एक्सटेंडेड (Google-Extended) ही नावे निदान असावीत. सीसीबॉट विसरू नका: तो जालावरचा मजकूर साठवून खुला करणाऱ्या कॉमन क्रॉल या संस्थेचा आहे आणि त्या साठ्यातून अनेक मॉडेलना मजकूर मिळतो. गूगल-एक्सटेंडेड हा वेगळा बॉट नसून फक्त एक खूण आहे. ती लावल्याने गूगलच्या शोधातले तुमचे स्थान हलत नाही.

काय चुकते? उपडोमेनला स्वतःची वेगळी फाइल लागते, हे राहून जाते. दुसऱ्याच्या मंचावर लिहीत असाल तर फाइल तुमच्या हातातच नसते. आधी उतरवलेला मजकूर परत येत नाही. चाचेगिरीच्या स्थळावर पडलेल्या प्रतीला तुमची सूचना लागू होत नाही, कारण सूचना पत्त्याला चिकटते, कृतीला नाही. आणि फाइल पाळणे हे बॉटच्या सचोटीवर असते, म्हणून सर्व्हरच्या नोंदी पाहून न पाळणाऱ्यांना फायरवॉलवरच अडवावे. फक्त चार-दोन नावे रोखून थांबणेही धोक्याचे, कारण तेवढ्याने सर्वांविरुद्ध हक्क राखला असे न्यायालय मानेलच असे नाही. सूचना शक्य तितक्या जागी द्या: रोबोट्स.टीएक्सटी, पानाचा मेटाडेटा, चित्रांच्या फाइलमधली माहिती, वापराच्या अटी.

प्रशिक्षित मॉडेलच्या आत कृतीची प्रत असते का?

एका आठवड्यात दोन न्यायालयांनी याला उलटी उत्तरे दिली. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने गेटी प्रकरणात म्हटले, की स्टेबल डिफ्यूजनचे वेट्स कृती साठवत नाहीत, म्हणून मॉडेल ही उल्लंघन करणारी प्रत ठरत नाही. ११ नोव्हेंबरला म्युनिकच्या न्यायालयाने गेमा (संगीताचे हक्क सांभाळणारी जर्मन संस्था) विरुद्ध ओपनएआय (चॅटजीपीटी बनवणारी कंपनी) प्रकरणात ठरवले, की नऊ गाण्यांचे बोल साध्या विचारणेवर जवळपास जसेच्या तसे बाहेर येतात, म्हणजे ते मॉडेलमध्ये स्थिरावलेले आहेत. हे पुनरुत्पादन आहे आणि उत्खननाच्या अपवादात बसत नाही.

विरोध दिसतो तेवढा सरळ नाही. ब्रिटनमध्ये प्रश्न आयात केलेल्या वस्तूसंबंधीच्या तरतुदीचा होता आणि पुरावा चित्रांच्या मॉडेलचा; म्युनिकमध्ये पाठ झालेल्या शब्दांचा थेट पुरावा होता. पाठांतर सिद्ध झाले तर हक्कधारकाची बाजू बळकट होते, हे दोन्हींतून घेण्यासारखे आहे.

ब्रिटनमध्ये व्यापारी प्रशिक्षणाला सवलत आहे का?

नाही. १९८८ च्या कायद्यातले कलम २९अ फक्त अव्यापारी संशोधनाला मुभा देते, आणि त्या प्रती दुसऱ्याला देता येत नाहीत.

जपान आणि सिंगापूरला ‘एआयचे नंदनवन’ म्हणतात ते खरे का?

अर्धेच. जपानच्या कलम ३०-४ नुसार, २०१९ पासून, कृतीतल्या भावविचारांचा आस्वाद घेणे हा हेतू नसेल तर ती वापरता येते, व्यापारी कामासाठीसुद्धा. पण हक्कधारकाच्या हिताला अवाजवी धक्का बसत असेल तर सवलत नाही. विश्लेषणासाठीच विकला जाणारा डेटाबेस फुकट ओढणे हे याचे ठरलेले उदाहरण. तिथल्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेने मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केले, की मोजक्या कृतींची अभिव्यक्तीच पुन्हा निघावी म्हणून मुद्दाम केलेले फाइन-ट्यूनिंग, म्हणजे तयार मॉडेलला निवडक साहित्यावर पुन्हा शिकवणे, या कलमात बसत नाही. एकाच चित्रकाराच्या कामावर छोटे मॉडेल घडवणाऱ्यांनी हे नीट वाचावे.

सिंगापूरच्या २०२१ च्या कायद्यातले कलम २४४ संगणकीय विश्लेषणाला व्यापक मुभा देते आणि करारातल्या अटीने ती काढून घेता येत नाही. हक्क राखून ठेवण्याची सोयही नाही. मात्र प्रवेश कायदेशीर हवा. पैसे भरून वाचायची भिंत चुकवून आत शिरलात तर सवलत गेली.

भारतात स्थिती काय आहे?

उत्खननासाठी वेगळा अपवाद नाही. कलम ५२(१)(क) खालची रास्त वापराची मुभा खासगी वापर व संशोधन, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांपुरती आहे. व्यापारी प्रशिक्षण त्यात बसवणे कठीण वाटते, पण न्यायालयाने तसे अजून ठरवलेले नाही. एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयवर नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. त्यात प्रशिक्षणासाठी साठवणे, उत्तरांत वापरणे, रास्त वापर आणि सर्व्हर परदेशात असताना न्यायालयाची कक्षा असे चारही प्रश्न थेट समोर आहेत.

केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये वेगळीच वाट सुचवली: कायदेशीर मार्गाने मिळालेल्या सर्व साहित्यावर प्रशिक्षणाचा सक्तीचा परवाना, आणि मॉडेलमधून कमाई सुरू झाली की एका मध्यवर्ती संस्थेमार्फत रॉयल्टी. हक्कधारकाला नकार देता येणार नाही. लेखकाला पैसे मिळण्याची शक्यता यात वाढते, पण ‘नको’ म्हणण्याचा हक्क जातो, आणि हा सौदा लहानसहान नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. सध्या तो फक्त प्रस्ताव आहे.

इतर देश?

चीनच्या २०२३ च्या अंतरिम उपायांनुसार प्रशिक्षण साहित्याचा स्रोत कायदेशीर हवा आणि बौद्धिक संपदेचा भंग नको. दक्षिण कोरियात वेगळा अपवाद नाही, रास्त वापराच्या सर्वसाधारण कलमावर भिस्त आहे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्खननाचा अपवाद आणणार नाही असे जाहीर केले. इस्रायलच्या न्याय मंत्रालयाने डिसेंबर २०२२ च्या मतात बहुतांश प्रशिक्षण रास्त वापरात धरले आहे.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे साहित्य बिनधास्त वापरता येते का?

क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे काही अटींवर सर्वांना वापराची मुभा देणारे तयार परवाने. परवाना तिथेच लागतो जिथे परवानगीची गरज असते. देशाच्या कायद्यात अपवाद असेल तर परवान्याच्या अटी लागूच होत नाहीत. अपवाद नसेल तर त्या काटेकोर पाळाव्या लागतात: श्रेय द्या, ‘अव्यापारी’ म्हटले असेल तर व्यापारी मॉडेलपासून दूर राहा. कोट्यवधी कृतींचे श्रेय देणे अवघड म्हणून ते गाळून चालत नाही. निदान डेटासेटसोबत स्रोतांची यादी तरी द्या.

माझे साहित्य वापरले गेले हे कसे तपासावे?

आधी सर्व्हरच्या नोंदींत बॉटची नावे आणि तारखा शोधा, आणि त्या नोंदी जपून ठेवा, कारण बहुतेक होस्टिंग सेवा त्या काही काळाने पुसतात. मग युरोपीय एआय कायद्यानुसार कंपन्यांनी जाहीर केलेल्या सारांशांत तुमचे डोमेन आहे का पाहा. उघड झालेल्या डेटासेटमध्ये नाव आणि आयएसबीएनने शोधा. शेवटी मॉडेलला तुमच्या कृतीतल्या कमी प्रसिद्ध परिच्छेदाची सुरुवात देऊन पुढचा मजकूर मागा. कथानक सांगता आले तर काहीच सिद्ध होत नाही, ते परीक्षणांतूनही शिकता येते. सलग लांब मजकूर शब्दशः आला तर तो पुरावा आहे. मॉडेलची आवृत्ती, तारीख आणि पूर्ण विचारणा यांसह जतन करा.

प्रकाशकाला मी ‘सर्व हक्क’ दिले आहेत. प्रशिक्षणाचा हक्कही गेला का?

करार जुना असेल तर कदाचित नाही. भारतात कलम १८ मधल्या २०१२ च्या तरतुदीनुसार, करार झाला तेव्हा अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचा किंवा पद्धतीचा हक्क, तिचा स्पष्ट उल्लेख नसेल तर हस्तांतरित होत नाही. कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. जर्मनीतही अज्ञात वापरप्रकारांसाठी लेखी करार लागतो. नव्या करारात प्रशिक्षण, उत्तर देताना मजकूर शोधून वापरणे, आणि उपपरवाना देणे या तीन गोष्टींना वेगवेगळी कलमे, वेगळी मुदत आणि वेगळा मोबदला मागा.

आम्ही मॉडेल बनवतो. धोका कमी करायला काय करावे?

प्रत्येक फाइलसोबत स्रोताचा पत्ता, उतरवल्याची तारीख, त्या दिवशीची रोबोट्स.टीएक्सटी, परवाना, प्रवेशाचा मार्ग आणि फाइलचा हॅश (मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-आकडा) नोंदवा. दोन वर्षांनी ही माहिती नव्याने उभी करता येत नाही, आणि न्यायालय नेमके हेच मागते. चाचेगिरीच्या साठ्यांना हात लावू नका, ‘फक्त चाचणीसाठी’ सुद्धा नाही.

एकसारख्या प्रती काढून टाका. एकच मजकूर डेटासेटमध्ये शेकडो वेळा आला की मॉडेल तो पाठ करते, आणि गाण्यांचे बोल, बातम्या, प्रसिद्ध उतारे इथेच अडचण होते. उत्तर देताना मूळ मजकुराशी सलग जुळणी तपासणारा फिल्टर लावा. बाहेरचा मजकूर शोधून उत्तरात घालणारी व्यवस्था वेगळी तपासा. तिथे प्रशिक्षणाचा बचाव उपयोगी पडेलच असे नाही, कारण ती मूळ लेखाची जागाच घेऊ शकते.

दुसऱ्या मॉडेलच्या उत्तरांवर प्रशिक्षण देत असाल तर अडथळा कॉपीराइटपेक्षा सेवाअटींचा असतो. अमेरिकेत मानवी लेखक नसलेल्या कृतीला संरक्षण नाही. पण त्या उत्तरांत कोणाचा पाठ झालेला मजकूर असेल, तर मूळ लेखकाचा हक्क त्याच्यासोबत येतो.

एकदा शिकलेले मॉडेल माझे पुस्तक विसरू शकते का?

सध्या खात्रीने नाही. एका पुस्तकाचा प्रभाव असंख्य वेट्समध्ये पसरलेला असतो. तो नेमका उपसून काढायची भरवशाची पद्धत नाही. मागणी करताना म्हणून तीन वेगळ्या गोष्टी मागा: साठ्यातली फाइल नष्ट करणे, पुढच्या आवृत्तीच्या प्रशिक्षणातून वगळणे, आणि तोवर उत्तरांत शब्दशः मजकूर येऊ नये असा फिल्टर. बार्ट्झ तडजोडीतही चाचेगिरीच्या फाइली नष्ट करण्याची अट होती, मॉडेल नष्ट करण्याची नव्हती. युरोपीय संघाच्या सर्वसाधारण मॉडेलसाठीच्या ऐच्छिक आचारसंहितेवर सही केलेल्या कंपन्यांना हक्कधारकांच्या तक्रारींसाठी संपर्काची जागा जाहीर करावी लागते. पहिले पत्र तिथे पाठवा, आणि कृतीचे नाव, मालकीचा पुरावा, जिथून ती घेतली गेली तो पत्ता आणि या तीन मागण्या त्यात स्वतंत्र परिच्छेदांत लिहा.